येणारा आणि आलेला : मराठी ख्रिस्ती परंपरेतील न्यायकल्पना

इ. स. ५० च्या सुमारास थेस्सलनीकेच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रभू येईल तेव्हा हयात असणाऱ्यांत पौल स्वतःला धरतो. ‘मारानाथा’ ही अरामी हाक, म्हणजे प्रभूला ‘ये’ अशी विनवणी, त्याच अपेक्षेतून आली. ती पिढी सरली. प्रभू आला नाही. पेत्राच्या नावे असलेल्या दुसऱ्या पत्राला थट्टा करणाऱ्यांना उत्तर द्यावे लागले. ऑगस्टिनने प्रकटीकरणातील सहस्र वर्षे ख्रिस्तसभेच्या चालू काळालाच लावली. पुढे १३३६ मध्ये पोप बेनेडिक्ट बारावे यांनी मृत्यूनंतर लगेचच आत्म्याला फळ मिळते असे घोषित केले. अंतिम न्याय श्रद्धेत कायम राहिला. त्याची निकड मात्र ज्याच्या त्याच्या मृत्युशय्येकडे सरकली.

१५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्सला हाच वारसा लाभला होता. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ येते; गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती बोलीत नरकासाठी ‘येमकोंड’ रूढ झाला. या शब्दयोजनेचे देशीकरण म्हणून कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. परंतु हे शब्द स्थळाचे आहेत, काळाचे नाहीत, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वैकुंठाला जायचे असते. त्याची वाट पाहत इतिहास थांबत नाही. मूळ अपेक्षेतील घटिका भाषांतरात ठिकाण झाली.

ती घटिका परतली केडगावात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांतून वाचलेल्या अनेक मुली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात होत्या; १९०५ मध्ये तेथे आध्यात्मिक जागृतीची लाट उसळली. लागलीच १९०६ मध्ये जर्मनीत अल्बर्ट श्वाइत्झर यांनी येशूचा उपदेश युगान्ताच्या तीव्र अपेक्षेवाचून समजत नाही असे प्रतिपादन केले. दोन्हींचा परस्परसंबंध नाही. विद्वानाने ग्रंथांत शोधलेली निकड केडगावच्या मुलींनी प्रार्थनेत अनुभवली, एवढेच.

ना. वा. टिळकांची वाट निराळी. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. राजा यायचा नव्हता, दरबार भरलेला होता. सी. एच. डॉड यांनी ‘आलेल्या राज्या’चा सिद्धान्त १९३५ मध्ये मांडला, तौलनिक अभ्यासात मात्र डॉड येतात, टिळक क्वचितच.

आज पेन्टेकोस्टल मंडळ्यांत पुनरागमनाची हाक पुन्हा ऐकू येते. दुसरीकडे १९८१ मध्ये बंगळूर येथील अरविंद निर्मल यांच्या व्याख्यानापासून आकार घेतलेले दलित ईशज्ञान अंतिम निवाड्यापेक्षा जातीने नाकारलेल्या हक्काचा प्रश्न विचारते. ते बहुतांशी इंग्रजीत लिहिले गेले, जिथे निवाडा आणि हक्क यांना दोन शब्द आहेत. मराठी बायबलच्या वाचकाला दोहोंसाठी ‘न्याय’ हा एकच शब्द पुरतो.