कडे, कपारी आणि विणीचा हंगाम

अंधेरी-बोरीवलीची पश्चिम रेल्वे आणि घाटकोपर-मुलुंडची मध्य रेल्वे यांच्या मधोमध साष्टी बेटाचा डोंगराळ कणा उभा आहे. पवई, विहार आणि तुळशी हे तलाव, कान्हेरीच्या लेण्यांचा डोंगर आणि भोवतीचे जंगल या पट्ट्यात येते. इथला खडक ज्वालामुखीतून आलेला, पण सगळीकडे सारखा नाही. कान्हेरीचा डोंगर तुकड्यातुकड्यांच्या खडकाचा, म्हणजे ब्रेशियाचा. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे बसाल्टच्या उभ्या स्तंभांची सुमारे ६१ मीटर उंचीची भिंत. मालाडचा दगड पिवळसर ट्रॅकाइट. या खडकावर हक्क सांगणारे पुष्कळ: खाणवाले, भाविक, पुरातत्त्व खाते, वनखाते, गिर्यारोहक आणि कपारीत अंडी घालणारे शिकारी पक्षी. कोणता कडा कधी आणि कुणासाठी बंद झाला याचा माग काढला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. कडे बंद व्हायला इथे कारणांची कधीच वाण पडली नाही, मात्र पक्ष्यांची वीण हे कारण त्यांत जवळजवळ कधीच नव्हते.

कड्यावर माणसाने ऋतू पाहून वावरण्याची प्रथा इथे जुनी आहे. कान्हेरीला शंभरहून अधिक लेणी आहेत आणि इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे हजार वर्षे तिथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. पुढे कान्हेरी बारमाही विहार झाले, तरी खडकात खोदलेली पाण्याची टाकी, ओटे आणि पायऱ्या पाहिल्या की पावसाळा काढण्यासाठी माणसाने कातळाचा आसरा किती विचारपूर्वक घेतला होता हे कळते. कड्यावरच्या शिकारी पक्ष्यांचा हिशेब नेमका उलटा असतो. त्यांची वीण पाऊस सरल्यावर सुरू होते.

मुंबई वाढू लागली तसा या डोंगरांकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून तलावांभोवतीचे पाणलोट क्षेत्र राखले गेले आणि त्यामुळे जंगल टिकले. जंगलाबाहेरचा डोंगर मात्र सुरुंगाखाली आला. मालाड आणि कुर्ल्याचा दगड शहरातल्या इमारतींसाठी गेला. फोर्टमधले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, याच दोन दगडांत बांधलेले आहे. योगायोग असा की ‘द बर्ड्स ऑफ बॉम्बे अँड सालसेट’ हे सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांचे पुस्तक १९४१ मध्ये याच संग्रहालयाने काढले. साष्टीचे कडे फोडून उभ्या राहिलेल्या संस्थेने साष्टीच्या पक्ष्यांची नोंद छापली. त्याआधी हा मजकूर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आला होता.

खाणीतून वाचलेल्या कड्यांचे सर्वांत बोलके उदाहरण गिल्बर्ट टेकडी. अंधेरी पश्चिमेला चहूबाजूंनी इमारती आणि झोपड्यांनी वेढलेला हा स्तंभ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्याच्या भोवतीचा डोंगर खाणकामाने खाल्ला आणि माथ्यावरची गावदेवी आणि दुर्गामातेची देवळे राहिली. टेकडी वाचण्यात देवीचा वाटा भूगर्भशास्त्राइतकाच असावा, असे म्हणायला हरकत नाही. २००७ मध्ये महापालिकेने तिला दुसऱ्या श्रेणीचा वारसा दर्जा दिला. माथ्यावर जायला पायऱ्या आहेत. स्तंभांमधल्या उभ्या भेगा प्रस्तरारोहकाला भुरळ घालतील अशाच, पण पायथ्याला घरे, माथ्याला देऊळ आणि वर वारसा दर्जा असल्यावर दोर लावायला तिथे जागा उरत नाही.

उपनगरी माणसाचे प्रस्तरारोहण रुजले ते कान्हेरीच्या आणि ठाण्यापलीकडच्या मुंब्र्याच्या कातळावर. ‘गिरिविहार’ ही मुंबईतली जुनी गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकांत उपनगरांतून हायकर्सचे अनेक गट निघाले. मुलुंडचे ‘चक्रम हायकर्स’ हे त्यांतलेच. रविवारी पहाटेची लोकल पकडायची, कातळावर दोर, मेखा आणि गाठींचा सराव करायचा आणि संध्याकाळी घरी परतायचे, अशी ही शिकवणी होती. बिले कसा द्यायचा (जोडीदाराचा दोर कसा सांभाळायचा), होल्ड म्हणजे पकडीची जागा कशी चाचपायची, रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून उतरताना, शरीराचा भार कुठे टाकायचा हे इथे शिकलेली मंडळी पुढे सह्याद्रीतल्या ड्यूक्स नोज, तैलबैला, लिंगाणा आणि कोकणकड्यापर्यंत पोचली. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात २००२ पासून भरणारे गिरिमित्र संमेलन हे याच परंपरेचे फळ.

दरम्यान कान्हेरीभोवतीचे नियम घट्ट होत गेले. लेणी संरक्षित स्मारक असल्याने त्यांच्या कातळाला मेख ठोकण्याचा प्रश्नच नव्हता. भोवतीचे जंगल १९५० च्या मुंबई राष्ट्रीय उद्यान कायद्याखाली कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे २० चौरस किलोमीटर होते. पुढे ते वाढत जाऊन बोरीवली राष्ट्रीय उद्यान झाले. १९९६ मध्ये त्याला संजय गांधी यांचे नाव मिळाले आणि आज ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी प्रवेश परवाने ठेवले. गिर्यारोहणाचे नाव त्या यादीत नाही. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेने बिबट्यांचे हल्ले वाढले आणि जंगलात पायी भटकण्याकडे प्रशासन आणखी कडक नजरेने पाहू लागले. कड्यावरची बंदी अशी पाण्यासाठी, शिल्पांसाठी आणि बिबट्यासाठी आली. ती बारमाही होती आणि सरसकट होती. तिच्यात ससाण्याचा फायदा झाला असेल तर तो आपोआप झाला.

याच कायद्यातली शिकारीची व्याख्या मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. पक्ष्याला मारणे तर तिच्यात येतेच, शिवाय वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी वा घरटी विचलित करणे हेही शिकारीत मोडते. म्हणजे घरट्याशेजारून दोर सोडणारा गिर्यारोहक कायद्याच्या काटेकोर अर्थाने बंदूकवाल्याच्या रांगेत जाऊ शकतो. ही तरतूद जितकी कडक तितकीच ती कड्यावर क्वचित आठवली जाणारी आहे.

सह्याद्रीतली गोची समजायला दोन वेळापत्रके शेजारी ठेवावी लागतात. जून ते सप्टेंबर कातळ शेवाळलेला असतो. ऑक्टोबरात वाटा गवताने झाकलेल्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चढाईचा खरा हंगाम आणि एप्रिलनंतर उन्हाने दगड हात लावू देत नाही. भारतीय गिधाड, ज्याला लांब चोचीचे गिधाड म्हणतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात उभ्या कड्यांच्या कपारीत वीण करते. ते एकच अंडे घालते. अंडे उबवायला दीड महिन्याहून अधिक काळ आणि पिल्लू उडायला त्यापुढे आणखी तीन-चार महिने लागतात. शाहीन ससाणा, म्हणजे बहिरी ससाण्याची आपल्याकडे बारमाही राहणारी उपजात, हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कड्यावर असतो. शृंगी घुबडाची वीणही याच सुमारास चालते. महिना-महिना लावून पाहिले तर चढणाऱ्यांचा आणि पक्ष्यांचा हंगाम एकमेकांवर चढतात.

ससाणा घरटे बांधत नाही. कपारीतल्या मातीत किंवा खडीत पंजाने उथळ खळगा करून तो तीन-चार अंडी घालतो. खालून पाहणाऱ्याला अशी कपार ओळखू येते ती दगडावरून खाली आलेल्या विष्ठेच्या पांढऱ्या ओघळांवरून आणि पायथ्याशी पडलेल्या पारव्यांच्या पिसांवरून. पण ओघळ वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे कपार यंदा वापरात आहे की पाच वर्षांपूर्वी होती हे केवळ त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी दुर्बीण लावून तास-दोन तास बसावे लागते. माणूस कपारीच्या पातळीवर किंवा वर आला की पक्षी उडून ओरडत घिरट्या घालू लागतो. अंडी उघडी पडतात, काळ्या बसाल्टवर ती तापतात आणि कावळे टपलेले असतातच. पिल्ले मोठी असतील तर घाबरून पंख तयार होण्याआधीच ती उडी घेतात. गिर्यारोहकाला यातले काही दिसतही नाही, कारण त्याचे लक्ष पुढच्या होल्डवर असते. आग्यामोहोळाचे तसे नाही. कड्यावर पोळे असेल तर मार्ग बदलायचा, धूर करायचा नाही, अत्तर लावून जायचे नाही, हे सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. माशी चावते म्हणून तिचा नियम पाळला जातो.

पक्ष्यांची संख्या घटली ती अर्थातच गिर्यारोहकांमुळे नव्हे. १९९० च्या दशकात भारतभर गिधाडे कोसळली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या जनावरातून पोटात गेला की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट ९९ टक्क्यांच्या वर आणि लांब चोचीच्या गटाची सुमारे ९७ टक्के झाल्याचे गणनांतून दिसले. मलबार हिलवरच्या पारशी दखम्यांवरचे, म्हणजे मृतदेह गिधाडांच्या हवाली करण्याच्या बुरुजांवरचे, आकाश रिकामे झाले. लाखोंनी पक्षी असताना एखादी कपार विचलित झाल्याने फरक पडत नव्हता. जोड्या मोजण्याइतक्या उरल्यावर प्रत्येक अंड्याला किंमत आली, आणि कड्यावर कोण कधी चढतो हा प्रश्नही तेव्हाच अर्थपूर्ण झाला.

विलायतेत आणि अमेरिकेत हा प्रश्न आधी आला, तोही एका रसायनामुळेच. बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवले, आणि त्यामागे डीडीटी असल्याचे पुढे स्पष्ट झाले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात १९४१ नंतर या पक्ष्याचे घरटे कुणाला दिसले नव्हते. १९७८ मध्ये एल कॅपिटन या प्रचंड भिंतीवर एक जोडी गिर्यारोहकांनाच सापडली. पुढे कड्यावर चढून पातळ कवचाची अंडी काढण्याचे आणि बंदिवासात उबवलेली पिल्ले घरट्यात ठेवण्याचे जोखमीचे काम गिर्यारोहकांच्याच मदतीने झाले. आज तिथे साधारण १ मार्च ते १५ जुलै या काळात घरट्याजवळचे मार्ग बंद असतात, अख्खी भिंत नव्हे. घरटे नसल्याची खात्री झाली की मार्ग लवकर खुले होतात. ब्रिटनमध्येही ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिल पक्षी संघटनांशी बोलून दर वर्षी कड्यांची यादी ठरवते. दोन्हीकडे बंदी चालते कारण ती छोटी असते, तारखांची असते आणि ती ठरवताना चढणारे टेबलाशी बसलेले असतात.

महाराष्ट्रात हंगामी बंदी आहे, पण ती पावसाळ्याची. धबधबे, घाट आणि गर्दीचे किल्ले जून ते सप्टेंबर जमावबंदीच्या आदेशाने बंद होतात. हेतू माणसांचे अपघात टाळण्याचा असतो, आणि त्या महिन्यांत गिधाडाची कपार रिकामीच असते. साहसी उपक्रमांबाबतचा २०१८ चा शासन निर्णय आणि २०२१ चे साहसी पर्यटन धोरण यांचा भरही मुख्यतः प्रशिक्षण आणि सहभागींच्या सुरक्षिततेवर आहे. विणीच्या तारखा ठरवायच्या तर अडचण मालकीचीही येते. एकाच कड्याचा माथा संरक्षित किल्ल्यात, भिंत वनखात्यात आणि पायथा गावाच्या गायरानात असू शकतो. शिवाय कपार कुठली आणि जोड्या किती याची दरवर्षीची नोंद लागते. योसेमिटीत ती उद्यानाचे कर्मचारी ठेवतात. इथे तशी नोंद ठेवायची तर दर आठवड्याला डोंगरात असणारे हायकर्सचे गट हेच त्यासाठी सर्वांत हाताशी असलेले मनुष्यबळ आहे.

उपनगरांतली चढाई एव्हाना बरीचशी कृत्रिम भिंतींवर आणि नवी मुंबईकडे सरकली आहे. ‘गिरिविहार’ने २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत भरवल्या. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे बहिरी ससाणेही आता मुंबईच्या उंच इमारतींवर बसून पारव्यांवर झेपावतात. पण ते पाहुणे असतात आणि इथे वीण करत नाहीत.

विणीच्या कड्याचे रक्षण हा उघड मुद्दा झाला तो नाशिकजवळच्या अंजनेरीत. तिथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वीण होते आणि २०१७ मध्ये हा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा पर्यावरणप्रेमींनी या घरट्यांचा आधार घेऊन विरोध केला. तिथेही समोर तारा आणि खांब होते, दोर घेऊन चढणारे नव्हते.