कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन : जुन्या मोटारीतील एंजिन-बदलाचा एक ऐतिहासिक विचार

१

जुन्या मोटारीचा सांगाडा कायम ठेवून तीत दुसरे, अधिक समर्थ एंजिन बसविण्याची प्रथा अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून चालत आलेली आहे. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे व्ही-एट एंजिन सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणले आणि थोड्याच वर्षांत ते त्याहून जुन्या मोटारींत बसविले जाऊ लागले. १९५५ साली शेव्हरोलेटचे आटोपशीर व्ही-एट एंजिन आले व फोर्डच्या एंजिनाची जागा त्याने घेतली. १९९७ साली कॉर्व्हेट मोटारीतून एलएस मालिकेतील पहिले एंजिन बाहेर पडले आणि आज या छंदात त्याचाच प्रसार मोठा आहे. यांपैकी पहिली दोन एंजिने मुख्यतः कार्ब्युरेटरवर वाढली. तिसरे मात्र जन्मतःच संगणक-नियंत्रित फ्युएल इंजेक्शनचे आहे. त्यामुळे १९६० च्या सुमाराच्या मोटारीत असे एंजिन बसविणाऱ्यापुढे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो : एंजिनाबरोबर त्याची इंजेक्शन-व्यवस्थाही घ्यावी, की ती काढून टाकून मोटारीच्या काळाला शोभणारा कार्ब्युरेटर त्यावर चढवावा?

हा प्रश्न सामान्यतः ‘जुने विरुद्ध नवे’ अशा स्वरूपात मांडला जातो, आणि तसा तो मांडला की त्याचे उत्तर केवळ आवडीनिवडीवर सोपवावे लागते. इतिहास मात्र निराळे सांगतो. इंजेक्शनने कार्ब्युरेटरला हटविले ते एकदाच किंवा एकाच कारणाने नव्हे. निरनिराळ्या क्षेत्रांत निरनिराळ्या कारणांनी हे घडले आणि काही वेळा गाडी उलट दिशेनेही गेली. ही कारणे वेगवेगळी करून पाहिली, तर आजच्या निवडीचा निकष हाती लागतो, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आरंभी दोन्ही शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘कार्ब्युरेटर’ हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. लॅटिनमधील कोळसावाचक ‘कार्बो’ या शब्दापासून कार्बनच्या संयुगांना ‘कार्ब्युरेट’ असे जुने रासायनिक नाव पडले. एकोणिसाव्या शतकात दिव्यांसाठी जो वायू वापरीत, त्याची ज्योत अधिक उजळ व्हावी म्हणून त्यात हायड्रोकार्बनांची वाफ मिसळीत आणि या क्रियेला हेच नाव होते. म्हणजे हा शब्द मुळात दिवाबत्तीच्या व्यवसायातला आहे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीत हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून जाताना त्याची वाफ उचलीत असे. तेथपर्यंत शब्द आणि वस्तू यांचा मेळ होता. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी फ्लोट-कक्षातून बारीक जेटवाटे इंधनाचा फवारा उडविणारी रचना केली, व त्याच वर्षी हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनीही तशाच रचनेचे पेटंट घेतले. येथून पुढे ‘कार्ब्युरेटर’ हे नाव कायम राहिले, परंतु वस्तू बदलली. वाफ उचलणारे भांडे जाऊन फवारा उडविणारे नळकांडे आले.

‘इंजेक्शन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘आत फेकणे’ हा अर्थ आहे, आणि मराठीतील ‘अंतःक्षेपण’ हा पर्याय त्याच अर्थाचा आहे. म्हणजे १८९३ नंतर दोन्ही यंत्रे पेट्रोल फवारतात. फरक एवढाच की, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओढले जाते आणि इंजेक्शनमध्ये ते ढकलले जाते. नावे ऐकून वाटते तितके हे दोन पक्ष परस्परविरोधी नाहीत. १९०६ च्या सुमारास, म्हणजे कार्ब्युरेटरला पुरते स्थैर्य येण्यापूर्वीच, लेव्हावास्सर यांच्या अँत्वानेत विमान-एंजिनात एक प्रकारचे इंजेक्शन वापरले जात होते, हेही येथे ध्यानात ठेवावे.

खरा भेद मापनाचा आहे. कार्ब्युरेटरच्या गळ्यातून हवा जाते तेव्हा तिचा वेग वाढतो व दाब उतरतो. हे तत्त्व व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. उतरलेला दाबच जेटमधून पेट्रोल ओढून घेतो. हवेचे माप घेणे आणि त्या मापाने पेट्रोल देणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी, एकाच क्षणी होतात. इंजेक्शनमध्ये ती विभक्त होतात : मोजणारा एक, हिशेब करणारा दुसरा, देणारा तिसरा. या विभागणीत अचूकतेची शक्यता आहे, आणि परावलंबनही आहे. तिघांपैकी एक चुकला की बाकीचे दोघे निरुपयोगी ठरतात.

३

पहिला निर्णायक प्रसंग मोटारीत नव्हे, विमानात घडला. १९४० च्या हवाई युद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांतील मर्लिन एंजिनावर फ्लोटचा कार्ब्युरेटर होता, तर मेसरश्मिट १०९ मधील डेमलर-बेंझच्या एंजिनात थेट इंजेक्शन होते. जर्मन वैमानिक विमानाचे नाक एकदम खाली दाबून सूर मारी. ब्रिटिश वैमानिकाने तसे केले की फ्लोट-कक्षातील पेट्रोल वर उसळे, आणि एंजिन प्रथम उपाशी राहून मग अतिरिक्त पेट्रोलाने गुदमरे. यावर फार्नबरो येथील संशोधन-संस्थेतील बिअट्रिस शिलिंग यांनी १९४१ च्या आरंभी उपाय काढला. पेट्रोलाच्या मार्गात बसविण्याची, मोजून छिद्र पाडलेली ती एक लहानशी चकती होती. तिच्यामुळे दोष पुरता गेला नाही, पण वैमानिकांची निकड भागली.

येथे ब्रिटिश अभियंते मागासलेले होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कार्ब्युरेटरमधील पेट्रोल सुपरचार्जरमध्ये शिरण्यापूर्वी बाष्प होते, त्यामुळे मिश्रण थंड व दाट होते आणि शक्ती वाढते, हा त्यांचा हिशेब बरोबरच होता. त्यांनी एका गुणासाठी एक दोष पत्करला होता. इंजेक्शनचा लाभ या ठिकाणी एका विशिष्ट गरजेपुरता होता : गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवर अवलंबून राहायचे नव्हते.

दुसरा प्रसंग शक्तीच्या अपेक्षेचा. मर्सिडीझ-बेंझची ३०० एसएल ही शर्यतीची मोटार १९५२ साली कार्ब्युरेटरवर धावत असे. १९५४ मध्ये तिची रस्त्यावरची आवृत्ती आली, तेव्हा तीत बॉशच्या यांत्रिक पंपाचे थेट इंजेक्शन होते आणि तीन लिटरच्या एंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळत होती. मात्र या व्यवस्थेत एक उणीव होती. प्रज्वलन बंद केल्यावर एंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल देतच राही. ते सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खाली उतरे, आणि त्यामुळे तेल वारंवार बदलावे लागे. शेव्हरोलेटने १९५७ साली कॉर्व्हेटमध्ये रॉचेस्टरचे यांत्रिक इंजेक्शन देऊन २८३ घन इंचांच्या एंजिनातून २८३ अश्वशक्ती मिळविली. परंतु १९६५ मध्ये ३९६ घन इंचांचे, साध्या कार्ब्युरेटरचे मोठे एंजिन त्याहून अधिक शक्ती त्याहून कमी किमतीत देऊ लागले आणि इंजेक्शन मागे घेण्यात आले. केवळ शक्तीच्या स्पर्धेत कार्ब्युरेटर हरलेला नव्हता; या ठिकाणी तर तो जिंकला होता.

४

या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण बेंडिक्स कंपनीच्या ‘इलेक्ट्रोजेक्टर’चे आहे. मोटारीसाठी तयार झालेले हे पहिले इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन. १९५७ च्या रॅम्बलर रेबेल मोटारीसाठी ते जाहीर झाले, पण ग्राहकांपर्यंत पोहोचले नाही. १९५८ साली क्रायस्लर ३००डी आणि त्याच कंपनीच्या इतर काही मोटारींवर ते प्रत्यक्षात दिले गेले. कल्पना अगदी आजच्यासारखी होती : संवेदक माप घेणार, विद्युत्-मंडल हिशेब करणार आणि विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा पेट्रोल देणार. परंतु त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक घटकांना बॉनेटखालील उष्णता व हादरे सोसले नाहीत. विकल्या गेलेल्या मोटारी मुळात मोजक्या होत्या. त्यांपैकी बहुतेकांवरील इंजेक्शन काढून त्यांच्या जागी चार गळ्यांचे कार्ब्युरेटर बसविण्यात आले.

अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या पहिल्या मोटारी म्हणजेच इंजेक्शनकडून कार्ब्युरेटरकडे परत गेलेल्या पहिल्या मोटारी. कल्पनेत चूक नव्हती. तिला आधार देणारी सामग्री अजून जन्मली नव्हती. बेंडिक्सच्या पेटंटांचा आधार पुढे बॉशला मिळाला. बॉशची डी-जेट्रॉनिक व्यवस्था १९६७ साली फोक्सवागन १६०० वर आली आणि ती टिकली. दरम्यानच्या दहा वर्षांत ट्रान्झिस्टर अधिक भरवशाचे व स्वस्त झाले होते.

शिवाय आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती यंत्रशास्त्राच्या बाहेरची होती. लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या धुरकट हवेमुळे कॅलिफोर्नियाने १९६६ च्या मोटारींपासून निष्कास-वायूवर मर्यादा घातल्या. १९६८ च्या मोटारींपासून संपूर्ण अमेरिकेत तसे नियम आले आणि १९७० च्या कायद्याने ते पुष्कळ कडक केले. १९७५ पासून उत्प्रेरक यंत्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सर्वत्र दिसू लागले. पुढे आलेले त्रिगुणी उत्प्रेरक तीन प्रकारचे दूषित घटक एकाच वेळी नष्ट करते, पण त्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सुमारे १४·७ ला १ यापासून फारसे ढळता कामा नये. निष्कासातील ऑक्सिजन मोजून हे प्रमाण क्षणोक्षणी सावरणारा लॅम्डा संवेदक १९७७ च्या व्होल्व्हो मोटारींवर कॅलिफोर्नियात प्रथम आला. कार्ब्युरेटरलाही संगणक जोडून पाहिले गेले आणि १९८० नंतरची काही वर्षे ते निभावलेही. पण १९९० च्या सुमारास अमेरिकन मोटारींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. भारतातही कारणाचे स्वरूप हेच होते : १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा निकषांनी नव्या दुचाकींतूनसुद्धा त्याला जवळजवळ निरोप दिला. उलट, जेथे हा कायदा लागू नव्हता त्या नॅस्कार शर्यतींच्या मुख्य मालिकेत कार्ब्युरेटर २०११ पर्यंत सुखाने नांदला.

तात्पर्य, सामान्य मोटारीत इंजेक्शनचा विजय झाला तो प्रथमतः शक्तीमुळे नव्हे, तर हवेच्या शुद्धतेसाठी केलेल्या कायद्यामुळे.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कॅलिफोर्नियात १९७५ व त्यापूर्वीच्या सालच्या पेट्रोल-मोटारी नियतकालिक धूर-तपासणीतून मुक्त आहेत. म्हणजे ज्या कारणाने हा वाद मिटला, ते कारणच या मोटारींपुरते दूर झाले आहे, आणि मिटलेला वाद मालकाच्या अंगणात पुन्हा उभा राहतो. १९७६ नंतरच्या मोटारीत मात्र नवे एंजिन घालताना त्याची सर्व निष्कास-नियंत्रणे सोबत आणावी लागतात. तेथे निवडीला जागा नाही. ज्याला निवड आहे, त्याने वरील कारणे एकेक करून स्वतःला लावून पाहावीत.

मोटार घाटवाटांनी उंचावर जाणार आहे काय? उंचीवर हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटर पेट्रोल तितक्या प्रमाणात कमी करीत नाही आणि मिश्रण जड होते. इंजेक्शन ते आपोआप सावरते. इंधन बदलते आहे काय? इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याचे मिश्रण वाढले की त्याच हवेला अधिक इंधन लागते. लॅम्डा संवेदक हे ओळखतो. कार्ब्युरेटरचे जेट हाताने बदलावे लागते. मोटार रोज, थंडीवाऱ्यात वापरायची असेल, तर चोक ओढून एंजिन गरम होण्याची वाट पाहण्यापेक्षा इंजेक्शन सोयीचे.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मांडावा. कार्ब्युरेटरला दर चौरस इंचास पाच ते सात पौंड दाबाचे पेट्रोल पुरते. एलएस एंजिनाच्या इंजेक्शनला अठ्ठावन्न पौंडांच्या आसपास दाब लागतो. म्हणजे नवा पंप, नव्या नळ्या आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला गेले तरी पंप कोरडा पडणार नाही अशी टाकी हवी. जुनी विद्युत्-व्यवस्था बहुधा अपुरी पडते. बेंडिक्सचा अनुभव येथे विसरू नये : हिशेब करणाऱ्या यंत्राला स्वच्छ वीज व पक्के अर्थिंग मिळाले नाही, तर उत्तम इंजेक्शनही बंद पडते आणि रस्त्याच्या कडेला ते स्क्रू-ड्रायव्हरने दुरुस्त होत नाही. तथापि कार्ब्युरेटर बसविल्याने संगणकातून पूर्ण सुटका होते, असेही नाही. एलएस एंजिनाला डिस्ट्रिब्यूटर नसल्याने ठिणगी वेळेवर पडण्यासाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लागतोच.

अलीकडे एक तिसरा मार्गही रूढ झाला आहे. जुन्या चार गळ्यांच्या कार्ब्युरेटरच्याच आकाराचे, त्याच बोल्टांवर बसणारे आणि एअर-क्लीनरखाली झाकले जाणारे इंजेक्शन मिळते. १८९३ साली नाव तेच राहून वस्तू बदलली होती; येथे रूप तेच राहून वस्तू बदलली आहे.

माझे मत असे की, ज्याला मोटार वाहन म्हणून हवी आहे आणि जो विजेच्या व इंधनाच्या व्यवस्थेचा खर्च पूर्णपणे करण्यास तयार आहे, त्याने इंजेक्शन घ्यावे. अर्धवट खर्च करणाऱ्याने कार्ब्युरेटरच घ्यावा. ज्याला मोटार दस्तऐवज म्हणून हवी आहे, त्याने एंजिनच बदलू नये. भारतात २०२१ साली केलेल्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदण्यासाठी मूळ स्वरूप टिकविण्याची अट घातली आहे, ती याच दृष्टीने योग्य वाटते.

आणि तरीही एंजिन बदलायचेच असेल, तर काढलेले एंजिन, त्याचा कार्ब्युरेटर व जेटांचे क्रमांक यांची नोंद करून ते जपून ठेवावे. १९५८ सालच्या क्रायस्लरच्या मोटारींवरून काढलेले इलेक्ट्रोजेक्टर निकामी म्हणून दूर झाले, आणि आज त्या शोधाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यासमोर मूळ वस्तू जवळजवळ उरलेली नाही. त्या दुरुस्ती करणाऱ्यांचा निर्णय व्यवहारतः बरोबर होता. त्यांनी काढलेली वस्तू ठेवली असती, तर इतिहासाच्या दृष्टीनेही तो बरोबर ठरला असता.