हृदयधमनी विकार : छातीतली कळ आणि झटका

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचून त्या अरुंद होतात, त्या आजाराला हृदयधमनी विकार म्हणतात. घरोघरी त्याला ‘ब्लॉकेज’ म्हणतात. हा आजार मुख्यतः दोन रूपांत समोर येतो. एक, चालताना उठणारी आणि थांबले की ओसरणारी छातीतली कळ, म्हणजे अंजायना; दुसरे, हृदयविकाराचा झटका. कळ वाढत वाढत एक दिवस झटका येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दोन्हींचे मूळ एक असले तरी धमनीत घडते ते वेगवेगळे.

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्याच्या कप्प्यांतून अखंड रक्त वाहत असते, पण त्याच्या जाड स्नायूला ते परस्पर वापरता येत नाही. त्यासाठी महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन धमन्यांवर त्याची सारी भिस्त असते. डावी धमनी लगेच दुभंगते. एक शाखा हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरते, दुसरी वळसा घालून मागे जाते. यांचा व्यास जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर. त्यातून हृदयाची एक मोठी अडचण अशी, की वाट्याला आलेल्या रक्तातला जवळजवळ ७० टक्के प्राणवायू ते विश्रांतीतही काढून घेते. श्रम वाढले की त्याला जादा रक्तच लागते. निरोगी धमन्या हा प्रवाह चार-पाच पट वाढवू शकतात. अरुंद धमन्यांना ते जमत नाही.

साधारणपणे व्यास ७० टक्क्यांच्या आसपास घटला, की बसल्याजागी पुरणारे रक्त जिना चढताना पुरेनासे होते. स्नायू प्राणवायूला आसुसतो आणि छाती आवळल्यासारखी, वर ओझे ठेवल्यासारखी वाटते. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत उतरते. लंडनचे वैद्य विल्यम हेबरडन यांनी १७६८ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले. चढावर चालताना, विशेषतः जेवणानंतर ते उठते आणि उभे राहिले की थांबते, हे त्यांनी नेमके टिपले होते. धमन्यांशी त्याचा संबंध मात्र त्यांना उमगला नव्हता. मधुमेही, वयस्कर आणि स्त्री रुग्णांमध्ये कधी कळ जाणवतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते किंवा कमालीचा थकवा येतो.

झटक्याची गोष्ट धमनीच्या भिंतीत, फार आधी सुरू होते. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदने १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय होते २२ वर्षे, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत या आजाराच्या खुणा होत्या. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, मरतात आणि आत चरबीचा मऊ साठा तयार होतो. त्यावर तंतूंचे आवरण धरते. हे आवरण पातळ आणि दाह चालू असला, तर तो साठा पिकलेल्या गळवासारखा फुटतो. आतला ऐवज रक्ताला लागताच बिंबिका (प्लेटलेट) धावून येतात आणि काही मिनिटांत गुठळी धमनी बंद करू शकते. फुटणारा थर बहुतेकदा धमनी फारशी न अडवणारा असतो. काल ट्रेडमिल चाचणीत पास झालेल्या माणसाला आज झटका येतो, तो यामुळे.

धमनी पूर्ण बंद झाल्यावर साधारण २० मिनिटांनी स्नायूपेशी मरू लागतात. मरण आतल्या थरापासून सुरू होऊन काही तासांत बाहेरच्या थरापर्यंत पोहोचते. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण धरतो. तो भाग पुन्हा आकुंचन पावत नाही. पहिल्या तासातले बरेच मृत्यू मात्र स्नायू मेल्याने होत नाहीत. हृदयाची लय बिघडून ते नुसतेच थरथरू लागते आणि रक्त पुढे जाईनासे होते. तिथे छाती दाबण्याचा प्रथमोपचार आणि विजेचा झटका जीव वाचवतो.

दुखणे पोटाचे वाटणे ही या आजाराची जुनी फसवणूक. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर २३ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हरला गोल्फ खेळत होते. दुपारी कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ल्यावर अस्वस्थ वाटले. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. सकाळी पत्रकारांना अपचन झाल्याचे सांगण्यात आले. ईसीजी निघाला आणि निदान झाले ते दुपारी. खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत इतके तास गेले. ते बचावले आणि पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आले. आपल्याकडे ‘गॅस झालाय’ म्हणत ओवा आणि सोडा देण्यात रात्र निघून जाते, तेव्हा स्नायू मरतच असतो.

झटक्यातल्या उपचाराचा हेतू एकच : धमनी लवकर उघडणे. आयसिस-२ या १९८८ च्या चाचणीत १७ हजारांहून अधिक रुग्ण होते. ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिलेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. फुग्याने हृदयधमनी उघडण्याची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला केली. झटक्यात ती वेळेत झाली तर सर्वांत गुणकारी ठरते. केवळ श्रमाने येणाऱ्या स्थिर अंजायनात हिशेब वेगळा आहे. करेज (२००७) आणि इस्केमिया (२०२०) या चाचण्यांत, चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची) किंवा बायपासची जोड दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत; कळ मात्र कमी झाली. कारण स्टेंट एक अरुंद जागा रुंद करतो, फुटू शकणारे थर इतरत्र असतातच. त्यांना स्थिर करण्याचे काम कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन, रक्तदाबाची औषधे आणि तंबाखू सोडणे हेच करतात. मुख्य डावी धमनी अरुंद असेल किंवा हृदय दुबळे झाले असेल तर निर्णय निराळा होतो, पण स्थिर रुग्णाला ‘आजच्या आज स्टेंट’ म्हणून घाबरवणे समर्थनीय नाही.

दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात त्यांचे पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ होते. इतरत्र सुमारे ५९. धूम्रपान, कोलेस्टेरॉलचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर ही त्यामागची मोठी कारणे. चुना लावून मळलेली तंबाखूही निर्दोष नाही. चघळण्याच्या तंबाखूनेही धोका वाढतो.

छातीतली कळ विश्रांती घेऊनही दहा-पंधरा मिनिटांत थांबली नाही किंवा दरदरून घाम फुटला, तर १०८ ला फोन करावा. रुग्णाला चालवू नये, त्याने स्वतः गाडी चालवू नये. रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला ईसीजी ठीक आला तरी घरी जाण्याची घाई करू नये. तो पुन्हा काढून घ्यावा आणि मरणाऱ्या हृदयस्नायूतून रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी काही तासांनी परत करून घ्यावी.