वर्ण कोणाशी ताडावा?

मराठीत माणसाच्या रंगासाठी शब्दांची वाण नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा हे शब्द लग्नाच्या जाहिरातीपासून ललित गद्यापर्यंत आपण सहज वापरतो. हे सारे शब्द तुलनेचे आहेत, आणि ती तुलना दुसऱ्या माणसाशी असते. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात जो ‘उजळ’ म्हणवतो, तोच पुण्याच्या पेठेत सावळा ठरू शकतो.

1885 साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने या सवयीला सरकारी शिक्का दिला. भोर तेव्हा पंत सचिवांचे संस्थान होते. पण लगतच्या इंग्रजी मुलखातील जातींचे वर्णन करताना गॅझेटियरकार रंग आणि बांधा यांचा शेरा मारून पुढे जातो. कोणाच्या मानाने काळा, हे तो सांगत नाही.

नुसत्या नजरेवर भिस्त नको म्हणून बर्लिनच्या फेलिक्स फॉन लुशानने 36 रंगीत काचतुकड्यांची पट्टी केली. तुकडा त्वचेशी धरायचा आणि जुळणारा क्रमांक टिपायचा. तरीही दोन मोजणाऱ्यांचे क्रमांक जुळेनात. 1975 साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी प्रश्नच बदलला: त्वचा उन्हात भाजते की रापते? सोरायसिसच्या किरणोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी केलेले हे वर्गीकरण आरंभी गोऱ्या त्वचेपुरते होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे वर्ग मागाहून जोडले गेले. वेल्ह्यात ऐन उन्हात राब भाजणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा एक रंग सांगेल, दंडाची आतली बाजू दुसरा. त्याचा ‘खरा’ रंग कोणता म्हणायचा?

येथे चरकसंहितेचे इंद्रियस्थान आठवते. तेथे कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात हे चारही वर्ण प्राकृत मानले आहेत. चिंता आहे ती बदलाची. अर्धे शरीर मूळ वर्णाचे आणि अर्धे विकृत वर्णाचे दिसले, तर ते अरिष्ट. वैद्याने रोग्याचा रंग ताडायचा तो शेजाऱ्याशी नव्हे, त्याच्या स्वतःच्याच रंगाशी.

कुष्ठरोग शोधताना आजही हीच दृष्टी कामी येते. चट्टा फिकट आहे का, हे त्याच माणसाच्या भोवतालच्या त्वचेवरून ठरते; मग तेथे स्पर्श कळतो का, ते पाहतात. लालसर चट्टा गोऱ्या त्वचेवर चटकन दिसतो, सावळ्या त्वचेवर निसटू शकतो. तो निसटला तर उपचार लांबतो, आणि बोटे वाकण्यापूर्वीचा मोलाचा काळ हातचा जातो.

म्हणून आम्हांस वाटते, वर्णनाचा दोष शब्दांच्या तोकडेपणात नाही, तुलनेच्या निवडीत आहे. ‘सावळा’ हा शब्द निरुपद्रवी आहे, ‘कोणापेक्षा?’ हे न विचारता तो लिहिला जातो, तेव्हा त्याचा शेरा होतो.