‘ब्लॅकमेल’ आणि चौथाई

‘ब्लॅकमेल’ हा इंग्रजी जोडशब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्याचे कूळ विचारावे असे कोणास सुचत नाही. ‘मेल’ म्हणजे टपाल असे समजून धमकीच्या पत्राशी त्याची सांगड घालणारे सुशिक्षितही आढळतात. वस्तुतः या ‘मेल’चा टपालाशी काडीमात्र संबंध नाही. जुन्या स्कॉटिश बोलीत ‘मेल’ म्हणजे खंड किंवा सारा.

सोळाव्या शतकात इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवर गुरे पळविणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट होता. शेतकरी जमीनदारास रीतसर खंड देई आणि गोठा सुरक्षित राहावा म्हणून टोळीच्या नायकासही काही देई. हा दुसरा खंड म्हणजे ‘ब्लॅकमेल’. १६०१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने उत्तरेकडील चार परगण्यांपुरता तो घेणे आणि देणे, दोन्ही देहान्त शिक्षेचे गुन्हे ठरविले. म्हणजे नाडलेला शेतकरीही गुन्हेगारच! पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात रॉब रॉय (१६७१–१७३४) गुरांच्या राखणीचा मोबदला म्हणून हाच खंड घेत असे. गुपित फोडण्याची भीती घालून पैसे उकळणे, हा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. आणि १९६८ च्या कायद्याने इंग्लंडात ‘ब्लॅकमेल’ हे एका गुन्ह्याचेच नाव झाले.

या शब्दाची चौकशी आम्ही आरंभिली ती निराळ्याच कारणाने. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात मराठ्यांच्या चौथाईचा अर्थ देताना हाच शब्द योजिला आहे. मराठी वाचकास याचा विषाद वाटणे साहजिक आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद दिल्लीहून मिळविली. त्याबदली पंधरा हजार फौज बादशहाच्या चाकरीस ठेवण्याचे शाहू महाराजांनी पत्करले होते. अशा करारातील हक्कास गुरेचोरांच्या खंडाचे नाव देणे न्याय्य नव्हे.

तथापि याच चौथाईची दुसरी बाजूही आम्हांस विसरता येत नाही. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ साली अलीवर्दीखानाने चौथाईदाखल सालीना बारा लक्ष रुपये देण्याचे कबूल केले, तेव्हा कोठे त्या थांबल्या. त्या स्वारांचे ‘बर्गी’ हे नाव बंगाली अंगाईगीतात अद्याप टिकून आहे. ज्याची कणगी रिती झाली, त्याला सनदेचे काय होय!

सनद पाहणारा चौथाईस हक्क म्हणेल, कणगी पाहणारा खंडणी म्हणेल. कोशकारांनी कणगी तेवढी पाहिली आणि आमच्या अभिमानाने सनद तेवढी पाहिली. इतिहासाच्या वाचकाने दोन्ही पाहावयास हवीत; परकी शब्दावर रुसून किंवा भाळून निवाडा होत नसतो.