सुटका झाली, पुढे काय?

लांब पल्ल्याची गाडी कल्याण, दादर किंवा कुर्ला टर्मिनसच्या फलाटावर लागते. गर्दी ओसरल्यावर एखादे मूल तेथेच घुटमळत राहते आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाच्या नजरेस पडते. कधी एकाच माणसाबरोबर आठ-दहा मुले उतरतात आणि त्यांतील एकालाही त्या माणसाचे पूर्ण नाव सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी 'मुलांची सुटका' अशी चार ओळींची बातमी प्रसिद्ध होते. पुढच्या चार-सहा महिन्यांत या मुलांचे काय होते, हे मात्र क्वचितच छापून येते. तो सारा काळ ज्या कामाने व्यापलेला असतो, त्याला समाजकार्याच्या परिभाषेत 'केस वर्क' म्हणतात.

मुंबईला हे काम नवे नाही. बॉम्बे चिल्ड्रन्स अ‍ॅक्ट १९२४चा. त्यापाठोपाठ १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडीचे बालगृह, म्हणजे मुंबईकरांच्या तोंडी 'डोंगरी', याच संस्थेकडे आहे. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. कामाठीपुऱ्यापासून ही जागा हाकेच्या अंतरावर होती, हेही लक्षात ठेवण्याजोगे. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवादेखील १९९६ मध्ये याच संस्थेचा प्रकल्प म्हणून आकाराला आली. २०२३ पासून ती सेवा सरकारने स्वतःकडे घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे.

बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात व महिन्यातून किमान वीस दिवस तिची बैठक व्हावी, असा नियम आहे. समिती मुलाला बालगृहात पाठवते आणि सामाजिक तपासणीचा आदेश देते. हा अहवाल पंधरा दिवसांत व अंतिम निर्णय चार महिन्यांत अपेक्षित असतो. कागदावर हे सरळ दिसते.

प्रत्यक्षात पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. पढवून पाठवलेले मूल आपले वय अठरा सांगते, सोबतच्या माणसाला 'मामा' म्हणते आणि गावाचे नाव विसरल्याचा बहाणा करते. कधी ते खरोखरच सांगता येत नाही, कारण सहाव्या-सातव्या वर्षी घर सुटलेल्या मुलाला जिल्हा म्हणजे काय, हे ठाऊक नसते. मग केस वर्कर बोलीवरून अंदाज बांधतो. मैथिली की संथाली? गावाशेजारी नदी होती का? आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरे? गाडीत कोणत्या स्टेशनावर बसलास? अशा तुकड्यांतून एखादे पोलीस ठाणे, तेथून सरपंच, आणि सरपंचाच्या फोनवरून आईचा आवाज, असा हा शोध चालतो. मुलाच्या पहिल्या दिवशीच्या जबाबावर घाईने शिक्कामोर्तब करू नये, हे या कामातील जुनेजाणते लोक सांगतात ते त्यासाठीच. खरी हकिगत बहुधा तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येते.

वयाचा प्रश्नही असाच. कायद्याने शाळेचा दाखला प्रथम, तो नसल्यास जन्मनोंदीचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. सतरा की अठरा, यावर मुलगी बालगृहात जाणार की महिलांच्या सुधारगृहात, हे ठरते.

घर सापडले म्हणजे मूल घरी पाठवावे, असेही नाही. आगाऊ रक्कम घेऊन मुलाला जरीच्या कारखान्यात धाडणारा बाप, लग्नाच्या आमिषाने भाचीला शहरात आणणारी मावशी, ही उदाहरणे अपवादात्मक नाहीत. म्हणून त्या जिल्ह्यातील बाल संरक्षण कक्षाकडून गृहचौकशी मागवली जाते. गोवंडी, धारावी परिसरातील जरीच्या कारखान्यांवर २००५ मध्ये छापे पडले, तेव्हा मोठ्या संख्येने मुले रेल्वेने बिहारला परत पाठवण्यात आली. गावात कर्ज आणि दलाल तसेच असतील, तर परतीचे तिकीट पुरेसे ठरत नाही.

उलट्या बाजूची चूकही तितकीच महाग पडते. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाड येथे उतरवण्यात आले. मुले बिहारमधील होती व महाराष्ट्रातील मदरशांत शिकण्यास निघाली होती. मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवून सोबतच्या पाच जणांना अटक झाली. ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले आणि मुलांनी सुमारे बारा दिवस बालगृहात काढले. पुढे गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचे सांगून २०२४ मध्ये पोलिसांनी प्रकरण बंद केले. गरीब घरातील मूल दूरच्या गावी शिकायला जाते, कामाला जाते, पळूनही जाते. हे तीन प्रवास डब्यात सारखेच दिसतात. पालकांशी बोलणे, संमतीपत्रे पडताळणे, प्रत्येक मुलाला वेगळे बसवून विचारणे, हे काम संशयाच्या आणि गुन्ह्याच्या मधल्या तासांत व्हायला हवे. ते अटकेनंतर झाले तर निर्दोष माणूस आत जातो, आणि अशा प्रकरणांमुळे खऱ्या तस्करीच्या तक्रारींकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

पैशाच्या हक्काची बाजू सर्वांत दुर्लक्षित आहे. वेठबिगारीतून सुटलेल्या मुलाला केंद्राच्या २०१६च्या योजनेनुसार दोन लाख रुपये, तर लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये पुनर्वसन साहाय्य मिळू शकते. पूर्ण रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे, तातडीची मदत मात्र तशी नाही. परंतु त्यासाठी महसूल अधिकाऱ्याचे मुक्तता प्रमाणपत्र लागते. छाप्याच्या दिवशीच ते मागितले नाही, तर मूल गावी पोचल्यावर त्याच्या बापाने मुंबईच्या कचेऱ्यांचे उंबरठे कसे झिजवावे?

बांगलादेशातून आणलेल्या मुलींच्या बाबतीत गुंतागुंत वाढते. तस्करीची बळी ठरलेल्या परदेशी स्त्री वा मुलावर केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून आरोपपत्र ठेवू नये, अशी सूचना गृह मंत्रालयाने २०१२ मध्येच दिली होती. तस्करी रोखण्याबाबत दोन्ही देशांत २०१५ मध्ये सामंजस्य करारही झाला. तरी पत्त्याची पडताळणी होईपर्यंत मायदेशी जाता येत नाही, आणि पत्ता चुकीचा निघाला की फाइल पुन्हा पहिल्या पानावर येते.

सज्ञान स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली ठेवलेल्या तीन तरुणींना मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२०मध्ये मुक्त केले, ते सज्ञान व्यक्तीला आपला मार्ग निवडण्याचा हक्क आहे, या भूमिकेतून. संरक्षण आणि कैद यांतील रेषा केस वर्करला रोज ओळखावी लागते.

खटला उभा राहतो तेव्हा मूल बहुधा गावी असते. साक्षीचे समन्स पोचवणे, प्रवासाची सोय करणे, न्यायालयात आरोपीसमोर येऊ न देणे, ही कामेही पुन्हा त्याच फाइलवर येतात. पोक्सो कायद्यातील प्रकरणांत मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे आणि तिच्या अंमलबजावणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निर्देश दिले. घरी परतता न येणारी मुले अठरा वर्षांची झाली की बालगृह सोडतात. त्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहाचा आधार मिळू शकतो, मात्र त्यासाठीचा अर्ज वाढदिवस उलटण्यापूर्वी समितीपुढे पोचलेला बरा.