उनात दिसन का?

मागच्या आठवड्यात काकांसाठी लॅपटॉप घ्यायला मी वाशीमच्या बाजारात गेलो. काकांची अडत, हिशोब सगळा उघड्यावर. दुकानदार प्रोसेसरचंच गुणगान करत होता. काकांनी एकच विचारलं, "पोरा, हे उनात दिसन का?"

मला एकदम खैरात आठवलं. रायगडच्या कर्जत तालुक्यातलं छोटं गाव. 2007 मध्ये तिथल्या शाळेत मुलांना हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. मेरी लू जेप्सन यांनी त्यांचा पडदा असा बनवला होता की बॅकलाइट बंद करून भर उन्हात वाचता यायचं. रंग जायचे, अक्षरं राहायची, वर बॅटरीही वाचायची!

नाहीतर 1981 चा ऑस्बोर्न 1 बघा. पडदा 5 इंच, वजन साधारण 11 किलो आणि आत बॅटरीच नाही. सोबत न्या आणि प्लग शोधा! सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली 1991 मध्ये. 1994 मध्ये ॲपलच्या पॉवरबुक 500 वर टचपॅड आला, तेव्हा कुठे ट्रॅकबॉल मागे पडू लागला.

तर आम्ही लॅपटॉप दुकानाबाहेर नेले. चकचकीत पडद्यात काकांना स्वतःचाच चेहरा दिसला. मॅट पडदा सावलीत बरा, पण उन्हात तोही फिका. धान्य हाताळून खरबरीत झालेलं काकांचं बोट टचपॅडवर दोनदा फसलं, तिसऱ्यांदा चाललं. मग चार्जर काढला, ब्राइटनेस पूर्ण केला आणि चहाला गेलो. तासाभरात 100 वरून 81. म्हणजे पाचेक तास. लिलाव उरकेपर्यंत पुरेल.

काकांनी मॅटवाला घेतला, आणि टेबल शेडखाली सरकवलं.